तुमचे प्रश्न : तेलाच्या विहिरीत उतरणारी बॅटरी

मागच्या अंकात मी मुंबई हाय या अरबी समुद्रातल्या तेलक्षेत्रावरच्या नोकरीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. एकतीस वर्षं स्लिकलाइनवर, म्हणजे तारेने विहिरीत यंत्रं सोडायच्या कामावर काढली, चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस उरणला घरी, असं ते आयुष्य. त्यात एक वाक्य होतं : ‘बॅटरीवर चालणारं यंत्र विहिरीत सोडून आम्ही आतला पाइप तपासायचो.’ बाकी काय लिहिलं होतं ते कोणाच्या लक्षात राहिलेलं दिसत नाही, पण या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. संपादकांनी त्यातली सहा पत्रं निवडली आणि म्हणाले, आता तुम्हीच निस्तरा.

यंत्र तारेला बांधूनच खाली सोडता ना? मग त्याच तारेतून वीज का देत नाही? बॅटरीची कटकट कशाला?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, जळगाव

बाळा, नेमक्या जागी बोट ठेवलंस. तारेतून वीज देतातही. त्या प्रकाराला ई-लाइन म्हणतात. केबलच्या पोटात तांब्याची तार, तिच्यावर इन्सुलेशन आणि त्यावर उलटसुलट पिळलेल्या पोलादी तारांचे दोन थर. पद्धत जुनी आहे. ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्सच्या अल्सास भागात पेशेलब्रॉन इथल्या एका विहिरीत श्लुंबर्जे बंधूंच्या माणसांनी असंच केबलने उपकरण सोडलं. दर मीटरला थांबायचं, जमिनीचा विद्युतरोध मोजायचा, आकडा कागदावर हाताने मांडायचा. विजेच्या साहाय्याने काढलेला तेलविहिरीचा तो पहिला आलेख.

मग आमचं अडतं कुठे? विहीर दाबाखाली असते. झाकण उघडलं आणि यंत्र आत टाकलं, असं करता येत नाही. विहिरीच्या तोंडावरच्या झडपांवर आम्ही एक उंच नळी उभी करतो, लुब्रिकेटर. यंत्र त्यात कोंडायचं, नळी बंद करायची आणि मगच खालची झडप उघडायची. तार नळीच्या माथ्यावरून आत शिरते, आणि तिच्या कडेने वायू बाहेर येऊ द्यायचा नाही, हा सगळा खेळ आहे. पिळाच्या केबलला फटी असतात. त्या बुजवायला पंपाने सतत ग्रीस दाबत राहावं लागतं, त्यासाठी वेगळा पंप, वेगळे होज, वेगळी माणसं. स्लिकलाइन म्हणजे एकसंध, गुळगुळीत पोलादी तार. आमची ०.१०८ इंचाची असायची, म्हणजे पावणेतीन मिलिमीटर. ती रबरी पॅकिंगमधून सुळकन जाते आणि गळती होत नाही. तार सोडणारा-गुंडाळणारा विंच लहान, माणसं तीन-चार. मुंबई हायवरचे विहिरींचे प्लॅटफॉर्म बहुतेक बिनमाणसांचे आणि अंगाने लहान, तिथे डेकवर जागा म्हणजे मुंबईतल्या चाळीची खोली. त्यामुळे हलकं सामान ते आपलं.

पण या तारेतून वीज जात नाही आणि वर निरोपही येत नाही. म्हणून यंत्राच्या पोटात बॅटरी आणि मेमरी. यंत्र खाली मोजतं आणि वेळेसकट लिहून ठेवतं. वर आम्ही विंचच्या चाकावरून कोणत्या क्षणी किती तार सुटली ते नोंदवतो. बाहेर काढल्यावर दोन्ही नोंदी वेळेवरून जुळवायच्या. म्हणून टूल आत घालायच्या आधी वरचं आणि यंत्रातलं घड्याळ सेकंदापर्यंत मिळवायचं. ते चुकलं तर झीज आहे एका सांध्यावर आणि आलेखात दाखवते भलतीकडेच.

ड्रिलिंग चालू असतानाची गोष्ट आणखी वेगळी. तिथे पाइपच गरगर फिरत असतो, केबल घालणार कुठे? बिटच्या, म्हणजे खोदणाऱ्या टोकाच्या मागे बसवलेलं यंत्र, खोदताना पाइपमधून सोडलेल्या चिखलाच्या प्रवाहात दाबाचे ठोके देऊन वर निरोप पाठवतं. त्याला वीज मिळते ती त्याच चिखलावर फिरणाऱ्या छोट्या टर्बाइनकडून किंवा बॅटरीकडून.

आमचा फोन उन्हात ठेवला तर ‘तापमान जास्त आहे’ म्हणून बंद पडतो. जमिनीच्या पोटात तर भट्टी असेल. तिथे तुमची बॅटरी कशी टिकते?
— गृहिणी, सांगली

ताई, भट्टीच. साधारण प्रत्येक किलोमीटरला २५ ते ३० अंश वाढतात. तीन किलोमीटरवर पाणी उकळायच्या वरचं तापमान सहज मिळतं, आणि काही भागांत त्याहूनही बरंच जास्त. तुमच्या फोनची लिथियम-आयन बॅटरी साठ अंशांच्या पुढे नेऊ नये, असं तिचे बनवणारेच सांगतात.

आमचा सेल वेगळ्या जातीचा : लिथियम थायोनिल क्लोराइड. एका बाजूला लिथियम धातू, दुसऱ्या बाजूला थायोनिल क्लोराइड हा द्रव. दिसायला थेट टॉर्चच्या जाड सेलसारखा, पण टॉर्चचा सेल दीड व्होल्टचा आणि हा ३.६ व्होल्टचा. त्या आकारात सावकाश वापरला तर १९ अँपिअर-तासांच्या आसपास वीज देतो. पाण्याच्या स्वयंचलित मीटरमध्ये वर्षानुवर्षं बसून राहणारे सेलही याच कुळातले. पुन्हा चार्ज मात्र होत नाही.

याची सीमा कुठे, तर लिथियम १८०.५ अंशांना वितळतं. सेलच्या आत धातू वितळला की पुढे काय होईल, ते पाहायला कोणी थांबत नाही. म्हणून साधे सेल दीडशे-एकशे पासष्ट अंशांपर्यंतच वापरायचे. त्याहून तापट विहिरींसाठी लिथियममध्ये मॅग्नेशियम मिसळतात, वितळण्याचा बिंदू वर सरकतो आणि दोनशेपर्यंत काम भागतं. दुसरा उपाय तुमच्या स्वयंपाकघरातला. यंत्र थर्मासमध्ये घालायचं, दोन भिंती आणि मध्ये निर्वात. फरक एवढाच की तुमचा थर्मास आतली उष्णता राखतो, आमचा बाहेरची अडवतो. तेही काही तासच, कारण आतलं इलेक्ट्रॉनिक्स स्वतःही तापतं आणि ती उष्णता बाहेर जायला वाट नसते. एकदा यंत्र खाली गेलं की वेळ मोजायला लागायची.

या सेलची एक खोड सांगतो, ती मला फार आवडायची. तो पडून राहिला की लिथियमवर क्षाराचा पातळ पापुद्रा धरतो, दुधावर साय धरते तसा. सायीखालचं दूध शाबूत राहावं तसा सेल त्यामुळे दहा-दहा वर्षं टिकतो. पण कामाला लावलं की पहिल्या क्षणी पापुद्रा आडवा येतो, व्होल्टेज खाली बसतं आणि यंत्र ‘बॅटरी मेली’ समजून गप्प होतं. म्हणून विहिरीत घालण्याआधी त्याला रेझिस्टन्स लावून काही मिनिटं राबवायचं. थंडीत जुन्या स्कूटरला किका मारून जागं करायचो, तसंच.

माझा पुतण्या ऑफशोअर कामाला आहे. त्याने वापरलेले मोठे लिथियम सेल घरी आणले आहेत. म्हणतो, ‘काकी, यात अजून जीव आहे, टॉर्चला लावू.’ लावावेत का?
— वाचक, पनवेल

नाही. वहिनी, आधी ते सेल मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे सुटे सुटे ठेवा. एका डब्यात एकमेकांना टेकू देऊ नका, टोकांवर चिकटपट्टी लावा आणि पुतण्याला म्हणावं, पुढच्या फेरीला जिथून आणलेस तिथे परत कर. ऐकलं नाही तर मला कळवा, मी बोलतो त्याच्याशी.

‘अजून जीव आहे’ हीच तर भीती आहे. अर्धवट वापरलेला सेल शॉर्ट झाला, चिरडला गेला किंवा कोणी हुशारीने चार्जरला लावला, तर तो फुटू शकतो. आतला द्रव बाहेर आला की हवेतल्या ओलाव्याशी भिडून त्यातून डोळे-घसा जाळणारे वायू निघतात. लिथियम धातूला पाणी चालत नाही, त्यामुळे पेटला तर बादली ओतायची नाही. शिवाय ३.६ व्होल्ट दीड व्होल्टच्या जागी बसवला तर टॉर्चचा बल्ब आधी जाईल, तो किरकोळ खर्च.

आम्हाला हे सेल हेलिकॉप्टरने नेऊ देत नसत. जुहूहून आम्ही चॉपरने जायचो आणि सेल मागाहून पेटीत, सप्लाय बोटीने. प्रवासी विमानातून माल म्हणून लिथियम धातूच्या बॅटऱ्या पाठवायला तर २०१५ पासून जगभर बंदी आहे. आणि तुमच्या पुतण्याने ते एसटीच्या बॅगेत घालून आणले.

चार-चार किलोमीटर लांब पाइप आतून झिजलाय हे वर बसून कसं कळतं? आणि यंत्राने खोटं सांगितलं तर?
— निवृत्त मुख्याध्यापक, रत्नागिरी

सर, खोटं सांगितलं आहे. दोष यंत्राचा नव्हता, माझा होता, म्हणून आधी यंत्राबद्दल सांगतो.

तेल ज्या नळीतून वर येतं ती ट्यूबिंग. तेलाबरोबर पाणी येतं, कार्बन डायऑक्साइड येतो. दोघं मिळून आम्ल बनतं आणि ते पोलादात खड्डे पाडतं. काही क्षेत्रांच्या वायूत हायड्रोजन सल्फाइडही असतो. आपल्या वसई क्षेत्राचा वायू त्याच जातीचा, म्हणून तर तो हजिऱ्याला नेऊन धुवावा लागतो. पाइप किती खाल्ला गेलाय ते पाहायला कॅलिपर असतो. मनगटाहून बारीक दांडा, त्याला गोलाकार चोवीस, चाळीस किंवा साठ पोलादी बोटं. उतरताना बोटं मिटलेली. तळाला ठरलेल्या वेळी आतली मोटर ती उघडते आणि वर ओढत आणताना प्रत्येक बोट पाइपच्या भिंतीवरून फिरत येतं. खड्ड्यात बोट बाहेर सरकतं, मेण किंवा क्षाराचा थर आला की आत दबतं. वैद्य नाडी पाहतो, पण त्याची बोटं तीन. आत घालण्याआधी आणि बाहेर काढल्यावर ठरावीक व्यासाच्या कड्यांत घालून बोटं बरोबर मोजतायत का ते बघायचं. पाइपची बाहेरची बाजू मात्र या बोटांना दिसत नाही. त्यासाठी चुंबकीय पद्धतीने धातूची जाडी काढणारी वेगळी यंत्रं लागतात.

आता माझी गोष्ट. सप्टेंबर महिना, समुद्र अजून खवळलेला. टूल बेंचवर लावून तपासलं, सगळं ठीक होतं. सकाळी बोटीने विहिरीच्या प्लॅटफॉर्मवर जायचं होतं, पण हवामानामुळे बोट लागेना. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसराही. आम्ही पत्ते खेळत होतो आणि वर्कशॉपच्या कंटेनरमध्ये टूल चालूच होतं. बंद करायचं माझ्याकडे होतं, मी विसरलो. चौथ्या दिवशी लक्षात आल्यावर मी काय केलं? मल्टिमीटर लावला. काटा भरलेल्या सेलचाच आकडा दाखवत होता. मी मनात म्हटलं, वाचलो. आणि बॅटरीच्या वहीत ते तीन दिवस लिहिले नाहीत.

सर, या सेलची सगळ्यात मोठी फसवणूक हीच. टॉर्चचा सेल मरताना मिणमिणतो, आपल्याला आधीच कळतं. हा शेवटच्या टप्प्यापर्यंत जवळपास तेच व्होल्टेज धरून ठेवतो आणि मग एकदम कडेलोट. मीटरने तो तपासता येत नाही. किती तास चालला, किती करंट घेतला, किती तापमानात राहिला, याचा हिशेब लिहून वजाबाकी करायची, एवढाच मार्ग. त्यासाठी आमच्याकडे लांबट, निळ्या पुठ्ठ्याची वही असे. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी.

टूल विहिरीत गेलं, तळाला पोहोचलं. बाहेर काढून लॅपटॉपला जोडलं तर उतरतानाची नोंद आहे, बोटं उघडल्याची नोंद आहे, वर यायला लागल्यापासून दोन-अडीचशे मीटर छान आलेख आहे आणि पुढे काहीच नाही. मोटरने बोटं उघडताना उरलासुरला दम खाल्ला होता. मी वर बसून दोन तास विंच चालवत होतो, तार सरकत होती, वजनाचा काटा बरोबर होता, आणि खाली ते यंत्र मुकं होऊन वर येत होतं. विहीर आणखी एक दिवस बंद ठेवावी लागली. आमच्या मुकादमाने आवाज चढवला नाही. वही पुढे सरकवली आणि म्हणाला, ‘तारखा भर.’ त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

आई तेव्हा घरी होती. तिला विहीर म्हणजे बाव, दोरी आणि पोहरा. सगळं ऐकून ती म्हणाली, ‘पोहरा रिकामा आला, एवढंच ना? परत सोड.’

मेक्सिकोच्या आखातातला २०१० चा मोठा अपघात बॅटरी संपल्यामुळे झाला असं वाचलं. खरं आहे का?
— वाचक, ठाणे

अपघात त्यामुळे झाला नाही. पण बॅटरीचा त्यात भाग आहे, आणि तो माझ्यासारख्याला झोप येऊ देत नाही.

२० एप्रिल २०१०. मॅकोंडो विहीर, डीपवॉटर होरायझन रिग, खाली सुमारे दीड किलोमीटर पाणी. विहिरीच्या तळाच्या सिमेंटने वायू अडवला नाही, दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला, वायू वर आला आणि स्फोट झाला. अकरा माणसं गेली. तेल ८७ दिवस वाहत राहिलं. मूळ दोष तिथे.

आता समुद्रतळावर विहिरीच्या तोंडाशी बीओपी नावाचं अजस्र यंत्र असतं, कित्येक झडपांची चळत. त्यात एक कात्री असते, पाइप कापून विहीर मिटवणारी. रिगशी वीज, निरोप आणि हायड्रॉलिक दाब हे तिन्ही तुटले तर कात्रीने आपणहून चालायचं, अशी व्यवस्था होती. वरून वीज नाही म्हटल्यावर ते चालणार बॅटरीवर. त्यासाठी दोन नियंत्रण-पेट्या होत्या, एक निळी, एक पिवळी. एक बिघडली तर दुसरी आहे, हा हिशेब.

नंतर वर काढून पाहिलं तर निळ्या पेटीतल्या २७ व्होल्टच्या बॅटरीत पुरेसा दम नव्हता. पिवळ्या पेटीत एका सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकाने चालणाऱ्या झडपेच्या दोन वेटोळ्यांपैकी एकाची वायर उलटी जोडलेली, म्हणजे दोन्ही चालली तर एकमेकांना मारणार. विहीर ज्यांची होती त्या बीपी कंपनीच्या २०१० च्या चौकशीने म्हटलं की दोन्ही पेट्यांनी दगा दिला असावा. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने २०१४ मध्ये वेगळं सांगितलं. निळ्या पेटीतही वायरिंगची चूक होती आणि तिनेच ती बॅटरी रिकामी केली. आणि पिवळ्या पेटीतली ९ व्होल्टची एक बॅटरी संपलेली असल्यामुळे तिथे एकच वेटोळं चाललं, म्हणून तिची कात्री फिरली! दोन चुका एकमेकींवर पडून काम झालं. पण तोवर आतला पाइप दाबाने वाकून कडेला गेला होता. कात्रीने तो नीट कापला नाही, उलट त्याला भोक पडलं.

मला त्या उलट्या वायरीचं फारसं नवल वाटत नाही, हाताने काम करणाऱ्याकडून ती होते. नवल याचं की बीओपीच्या नेहमीच्या चाचण्या होत होत्या, पण बॅटरीवर चालणारी ही आपत्कालीन व्यवस्था त्यांत येत नव्हती. दीड किलोमीटर पाण्याखाली एक बॅटरी मरून पडली होती आणि कोणाच्याही वहीत ती जिवंतच होती. मी माझी निळी वही आठवतो आणि गप्प बसतो.

रात्री बोट घेऊन लांब गेलो की माणूस नसलेल्या प्लॅटफॉर्मवरही दिवा लुकलुकताना दिसतो. तिथे वीज कुठून येते? आणि जवळ गेलो तर ओरडतात का?
— मच्छीमार, करंजा

दादा, तुमचा प्रश्न आला आणि गाववाला भेटल्यासारखं वाटलं. दिवा सौर पॅनेलवर. दिवसा पॅनेल बॅटऱ्या भरतं, रात्री दिवा, भोंगा आणि विहिरीच्या दाबाचे आकडे मुख्य प्लॅटफॉर्मला कळवणारी पेटी हे सगळं त्यावर चालतं. या बॅटऱ्या वर उघड्यावर ठेवलेल्या, मोठ्या, पुन्हा भरणाऱ्या. आपल्या विहिरीतल्या सेलशी त्यांचं नातं नाही.

ओरडतात, कारण प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचा सुरक्षा घेर असतो, त्यात जाळं टाकायला मनाई. मासळी तिथेच जास्त मिळते, खांबांना शिंपले धरतात म्हणून, हे मलाही ठाऊक आहे. पण २७ जुलै २००५ ला एक मोठं जहाज मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मच्या पाइपवर आदळलं, आग लागली, दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म गेला आणि बावीस माणसं मेली. तुमच्या बोटीने तेवढं होणार नाही, पण नियम बोटीचा आकार बघून लिहीत नाहीत.

आणि एखाद्या रात्री दिवा मंद दिसला तर घाबरू नका. बहुतेक वेळा बॅटरीला काही झालेलं नसतं. पक्ष्यांना बसायला तेवढीच सपाट जागा असते, ते पॅनेल पांढरं करून ठेवतात. आमच्यातला सगळ्यात नवा पोरगा बादली आणि फडकं घेऊन त्यावर चढायचा. १९८८ साली तो मी होतो.